लोव्रेच्या वाइनचा गुण

विंकाचा उजवा खांदा वसंतात जो धरला, तो सुटायचं नाव घेईना. केस विंचरताना हात कानाच्या वर जात नव्हता. शेवटी ती बेटावरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी हात वर केला, मागे नेला, विंकाच्या तोंडाकडे बघून परत खाली ठेवला.

"काम काय करता?"

"खोल्या भाड्यानं देते. उन्हाळी पाहुण्यांना."

"म्हणजे नेमकं काय करता?"

"नेमकं म्हणजे तीन संडास घासते."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, "घासणं बंद. धुवा, पुसा, पण जोर लावून घासायचं नाही."

"मग पाहुणेच बंद करावे लागतील," विंका म्हणाली आणि मलमाची नळी घेऊन घरी आली.

डॉक्टरीणबाईंना सांगून कळलं नसतं. घाण निघते हो, घाणीला काय, पाणी ओतलं की जाते. पण बेटावरचं पाणी खडकाच्या पोटातून चुना घेऊन येतं. किटलीत थर, नळाच्या तोंडाला थर, आणि कमोडमध्ये पाणी जिथं थांबतं तिथं पिवळट कडं. ते कडं म्हणजे दगडच. खरखरीत. मग सगळी घाण त्या खरखरीत जागी धरून बसते. वारिकिना ओतलं, म्हणजे कपडे पांढरे करायचं ते उग्र पाणी, की कडं तेवढ्यापुरतं पांढरं दिसतं. चार दिवसांत पुन्हा तपकिरी. दगड तिथंच. विंकानं इतकी वर्षं तो दगड हातानं घासून काढला होता, आणि आता खांद्यानं हिशोब मागितला होता.

तिचा नवरा लोव्रे बंदरावर बोटींचे दोर बांधायच्या नोकरीतून निवृत्त झाला होता. आता त्याचं सगळं लक्ष घरामागच्या द्राक्षांत. पोशिप जातीची पांढरी द्राक्षं, त्यांची वाइन तळघरात दोन पिंपांत, एक लहान, एक मोठं. त्याच्या बापाची पद्धत होती की घरी उतरलेल्या पाहुण्याला संध्याकाळी वाइनची सुरई मिळालीच पाहिजे. लोव्रेनं ती पद्धत सोडली नव्हती. रोज सूर्य कलला की तो लहान पिंपातून सुरया भरायचा, खोल्यांच्या दारांशी ठेवायचा, आणि अंगणातल्या अंजिराखाली खुर्ची टाकून बसायचा. सकाळी सुरया दाराशी परत आलेल्या असत. रिकाम्या, धुतलेल्या.

"बघ," तो म्हणायचा. "थेंब ठेवत नाहीत."

विंका वाइन पीत नसे. एक घोट घेतला तरी तिचं पित्त उसळायचं. तिनं मान डोलवायची आणि सुरया आत न्यायच्या.

जूनमध्ये खालच्या खोलीत ब्लाझेना आणि ओटाकार हे चेक जोडपं उतरलं. दर वर्षी येणारे, शांत, पायपुसणं झटकून घडी घालणारे लोक. आठवडा झाल्यावर विंका टॉवेल बदलायला आत गेली. ती दोघं पोहायला गेली होती. तिनं सवयीनं कमोडचं झाकण उचललं, आणि तिथंच उभी राहिली.

कडं नव्हतं. म्हणजे एका बाजूला थोडं होतं, पण ओल्या पावासारखं भुसभुशीत. तिनं डाव्या हातानं ब्रश एकदाच फिरवला आणि तेही सुटून खाली गेलं. खाली चिनी मातीचा पांढरा रंग दिसला. तो तिनं भांडं नवीन बसवलं तेव्हा पाहिला होता, त्यानंतर आजच.

ब्लाझेना ओल्या केसांनी परत आली तेव्हा विंका अंगणात तिची वाटच बघत होती.

"संडासात काय टाकलंस?"

ब्लाझेनाचा चेहरा लाल झाला. मोडक्यातोडक्या शब्दांत ती म्हणाली, "काही नाही. म्हणजे, मी कबूल करते. पण तुम्ही रागावू नका."

"रागवत नाही गं. सांग तरी."

"वाइन."

"कुठली वाइन?"

"तुमच्या यजमानांची." ब्लाझेनानं मागे वळून बघितलं, लोव्रे नव्हता. "ते इतक्या प्रेमानं भरून ठेवतात. ओटाकारनं पहिल्या दिवशी डोळे मिटून अर्धा पेला संपवला, मग रात्रभर पोट धरून बसला. परत कशी करायची? वाईट वाटेल त्यांना. झाडाला घालावी तर झाड मरेल. बेसिन खिडकीशी आहे, आणि खिडकीसमोर ते स्वतः बसलेले. मग राहिलं काय? संडास."

"रोज?"

"रोज संध्याकाळी. खिडकी लावून."

विंका तळघरात गेली. लहान पिंपाची तोटी सोडून तिनं बोट भिजवलं आणि जिभेला लावलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पित्ताची भीती नव्हती, वाइन नव्हतीच ती. अव्वल, कडक, नाकात झिणझिण्या आणणारं व्हिनेगर होतं.

आता हे लोव्रेला सांगायला हवं होतं. ती पायऱ्या चढून वर आली, तर तो कुंपणापाशी शेजाऱ्याला सांगत होता, "चेक लोकांना वाइन कळत नाही कोण म्हणतो? माझ्या खालच्या खोलीतला माणूस सुरई चाटूनपुसून परत देतो. रोज."

त्याचा चेहरा बघून विंकानं ते सांगितलं नाही. गेला हिवाळा त्याला वाईट गेला होता. फेब्रुवारीत तापानं महिनाभर अंथरुणात होता, उठल्यावरही जेवणात मन नसायचं, पुढ्यात मासा ठेवला तरी भिंतीकडे बघत चघळायचा. सुरया रिकाम्या येऊ लागल्या तशी त्याच्या तोंडावर पुन्हा कळा आली होती.

"लोव्रे," ती म्हणाली, "वरच्या खोल्यांतले पण आणखी मागतायत."

"आणखी?"

"एकेक सुरई जास्तीची. शनिवारी, जाताना सोबत न्यायला."

शनिवार हा पाहुणे बदलायचा दिवस. जुने सकाळी जातात, नवे दुपारच्या बोटीनं येतात. मधल्या वेळात घर विंकाचं. त्या शनिवारी ती तिन्ही सुरया घेऊन कामाला लागली. किटलीतला थर व्हिनेगरनं निघतो हे तिला माहीतच होतं. हे भांडं मोठं, एवढंच. आधी जुन्या ब्रशनं दाबून भांड्यातलं पाणी खाली ढकललं, नाहीतर व्हिनेगर पातळ होऊन वाया जातं. मग कागदाच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये भिजवल्या आणि कड्यावर, काठाच्या आतल्या बाजूला, जिथं जिथं चुना बसतो तिथं चिकटवल्या. झाकण लावलं आणि चादरी बदलायला गेली. चादरी झाल्या, फरशा झाल्या, खिडक्या झाल्या. परत येऊन कागद काढून टाकले, ब्रश एकदा गोल फिरवला, पाणी सोडलं.

वरच्या संडासातलं कडं जुनं होतं, ते एका शनिवारात गेलं नाही. दुसऱ्या शनिवारी अर्धं गेलं, तिसऱ्याला उरलेलं. आणि एकदा गेल्यावर काम सोपंच झालं. दगड बसायच्या आत दर आठवड्याला एक सुरई, घाणीला धरायला जागाच राहत नाही. जुलै संपेपर्यंत विंका दोन्ही हातांनी केस बांधायला लागली.

एकच गोष्ट बिघडत चालली होती. लोव्रे फुलत होता. लहान पिंप झपाट्यानं उतरताना बघून त्याला धन्य वाटत होतं. त्यानं वेलींची आणखी एक रांग लावायचं ठरवलं. आणि एक दिवस जेवताना म्हणाला, "सेंट रोकोच्या सणाला यंदा मी पिंप नेणार."

विंकाचा काटा हातातच राहिला. सणाला बंदरावर लांबच लांब टेबलं लागतात, प्रत्येक घर आपली वाइन आणतं, आणि अख्खं गाव एकमेकांची चाखून नावं ठेवतं. त्या गावाच्या आठवणीतून तिथली फजिती कधी जात नाही. एकानं पाणी घातलेली आणली होती, त्याचा नातूही अजून 'पाणवठा' म्हणून ओळखला जात होता.

"कुठलं पिंप?" तिनं विचारलं.

"लहान. मोठं अजून फोडलं नाही. हे तर लोकांनी पसंत केलेलं आहे."

"विचार कर नीट."

"केला."

उद्या सांगू, विंकानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो शीळ घालत पिंपाच्या पट्ट्या पुसत होता, म्हणून परवावर ढकललं. असं करता करता सणाचाच शनिवार उजाडला, आणि सकाळच्या बोटीनं पेरिना आली.

पेरिना लोव्रेची थोरली बहीण, म्हणजे विंकाची नणंद. स्प्लिट शहरात राहायची, दर सणाला माहेरी यायची, आणि दर वेळी पिशवीत स्वतःची वारिकिनाची बाटली आणायची. दुसऱ्यांच्या स्वच्छतेवर तिचा विश्वास नव्हता. तिचं नाक असं होतं की जिन्यात उभी राहून ती चौथ्या मजल्यावर कोणाचा रस्सा लागलाय ते सांगायची.

"खांदा कसा आहे?"

"बरा आहे."

"घासणं सोडलंस म्हणून बरा असणार. संडासांची दशा बघते मी."

"अगं बस आधी, कॉफी पी."

"कॉफी पळून जात नाही."

विंका वरच्या खोलीत उशीला अभ्रा घालत होती तेव्हा पेरिना खालच्या संडासात शिरली. झाकण उघडलं, तर आत ओल्या कागदांचा लगदा चिकटवलेला आणि आंबूस वास. तिनं नाक मुरडलं. हीच ती भावजय, जिच्या भरवशावर पाहुणे राहतात. तिनं पिशवीतून बाटली काढली आणि कागदांवर भरपूर वारिकिना ओतलं.

खालून खोकल्याचा आवाज आला तशी विंका जिन्यावरून धावली. पेरिना अंगणात अंजिराला धरून उभी होती, डोळे लाल, तोंडावर रुमाल. दारातून स्विमिंग पूलसारखा, पण घसा कापणारा वास येत होता.

"काय ओतलंस?"

"वारिकिना," पेरिना खोकत म्हणाली. "तू काय ठेवलं होतंस?"

"व्हिनेगर. अगं दोन्ही एकत्र झाली की विषारी धूर होतो. आत जाऊ नकोस आता. कोणीच जाऊ नका, दार उघडं राहू दे."

पण लोव्रे तळघरातून वर येत होता, त्यानं फक्त एवढंच ऐकलं की संडासात काहीतरी झालंय. तो सरळ आत गेला. विंका ओरडेपर्यंत त्यानं खिडकी उघडली, पाणी सोडलं, आणि डोळे चोळत बाहेर आला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिनं त्याला धरून नळाखाली नेलं, डोळ्यांवर पाणी मारलं, खुर्चीत बसवलं.

"वेडा आहेस का तू? तो वास आल्यावर आत पाऊल कसं टाकलंस?"

"कसला वास?" लोव्रे म्हणाला.

पेरिनाचा खोकला थांबला. तिनं भावाकडे बघितलं. मग कुंडीतल्या घमघमणाऱ्या रोझमेरीची काडी तोडली, चोळली, त्याच्या नाकाखाली धरली.

"हे काय आहे? डोळे मिट."

तो डोळे मिटून बसला. बराच वेळ. "गवत?" तो म्हणाला.

"लोव्रे."

"बरं, नाही येत," तो म्हणाला. "कसलाच वास येत नाही. फेब्रुवारीच्या तापापासून. मासा नुसता खारट, कॉफी नुसती कडू."

"आणि मला बोलला नाहीस," विंका म्हणाली.

"काय बोलू? वाइन करणाऱ्याला नाक नाही म्हणून? गाव काय म्हणेल? वाटलं येईल परत." त्यानं रुमालानं डोळे पुसले. "पिंप उघडून बघायचो तर कळायचंच नाही. जिभेला आंबट लागायची, पण मला सगळंच वेडंवाकडं लागत होतं, माझ्या जिभेवर काय भरवसा? मग सुरया रिकाम्या यायला लागल्या. म्हटलं, चला, वाइन तरी चांगली आहे. माझं नाक गेलं तर गेलं."

विंकानं खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. आता उद्यावर ढकलायला उद्या नव्हता.

"लोव्रे, लहान पिंपातल्याचं व्हिनेगर झालंय."



"केव्हापासून?"

"मला जूनमध्ये कळलं."

"आणि पाहुणे पीत होते ते?"

"पीत नव्हते."

"मग सुरया?"

विंकानं मानेनं संडासाच्या दाराकडे खूण केली.

लोव्रेनं दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग परत दाराकडे. "सगळे?"

"वरचे कुठं ओतत होते कोण जाणे. चेक जोडपं तिथं. रोज संध्याकाळी, खिडकी लावून. त्यांच्या संडासातलं कडं गेलं म्हणून मला कळलं. मग शनिवारच्या जास्तीच्या सुरया मीच ओतल्या. घासायला लागलंच नाही मला. तुझ्या वाइननं माझा खांदा सोडवला, आणि तुला सांगायचं धाडस होईना."

"खिडकी लावून," लोव्रे हळूच म्हणाला. "आणि मी इथं बसून म्हणायचो, बघा, वाइन पिताना खिडकी लावून घेतात, किती निवांतपणा आवडतो लोकांना."

त्याचे खांदे हलायला लागले. विंकाला वाटलं रडतोय. पण तो हसत होता, आवाज न करता, पोट धरून. मग पेरिना हसली, हसता हसता पुन्हा खोकली, आणि विंकाला जूनपासून दाबून ठेवलेलं हसू असं फुटलं की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"आता सणाला काय नेणार?" डोळे पुसत पेरिनानं विचारलं.

लोव्रे गंभीर झाला. "मोठं पिंप आहे. पण तेही गेलं असेल. मला काय कळणार?"

"मला कळेल ना," पेरिना म्हणाली. "चल."

तिघं तळघरात उतरली. लोव्रेनं मोठ्या पिंपाचं बूच काढलं आणि बाजूला झाला. पेरिनानं आधी नाक शिंकरलं, मग बुचाच्या भोकावर वाकली, डोळे मिटून. लोव्रे तिच्याकडे असा बघत होता जसं कोणी डॉक्टरच्या दारात बसून बघतं.

"जर्दाळू," ती म्हणाली. "थोडासा मध. आणि ओला दगड, पावसानंतरचा."

"व्हिनेगर?"

"नाही."

"नीट बघ."

"लोव्रे, मला माझं नाक शिकवू नकोस. ही बाबांच्या हातच्यासारखी झाली आहे."

तो पिंपावर हात ठेवून नुसता उभा राहिला. विंकानं त्याची पाठ थोपटली, उजव्या हातानं.

दुपारची बोट यायला फार वेळ नव्हता आणि खालचा संडास अजून अर्धवट होता. वास पूर्ण गेल्यावर विंकानं नुसतं पाणी तीनदा सोडलं. मग सुरई उचलणार तोच लोव्रेनं ती तिच्या हातातून घेतली.

"कसं करतेस ते दाखव."

"तू करणार?"

"पिंप माझं आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तो कमोडसमोर गुडघ्यांवर बसला. विंकानं सांगितलं तसं पाणी खाली ढकललं, कागद भिजवले, काठाखाली एकेक पट्टी चिकटवली, आणि इतकी सावकाश आणि नीट की पेरिना दारातून म्हणाली, "देवघर सजवतोयस का?"

"तू ती बाटली बंदरावर टाकून ये आधी," तो म्हणाला. "माझ्या घरात परत आणायची नाही."

"टाकून कशाला? कपड्यांना वापरीन."

"कपड्यांना वापर. इथं नाही."

संध्याकाळी बंदरावर मोठ्या पिंपातली वाइन दिव्यांच्या माळा लागायच्या आधीच संपत आली. शेजाऱ्यानं दुसरा पेला भरून घेत विचारलं, "पण तू लहान पिंप आणणार होतास ना? पाहुण्यांना इतकं आवडलेलं?"

"ते राखीव आहे," लोव्रे म्हणाला. पेरिनानं तोंड फिरवलं आणि विंका तळलेल्या माशांची थाळी घेऊन दुसऱ्या टेबलाकडे निघून गेली.

सप्टेंबरात द्राक्षं उतरली तेव्हा लोव्रेनं स्वतः स्प्लिटला फोन करून बहिणीला बोलावून घेतलं. गावात त्यानं नाकाचं लपवलं नाही. विचारलं कोणी तर सांगितलं, आणि नवल म्हणजे कोणी नावं ठेवली नाहीत. एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं की त्याचंही नाक तसंच गेलं होतं आणि वर्षानं आपोआप आलं. पेरिना पिंपांपाशी वेताची खुर्ची टाकून बसायची आणि हुकूम सोडायची. हे धुऊन घ्या, याचं बूच बदला, याला हवा लागतेय, काठोकाठ भरा. भाऊ कुरकुर करत सगळं ऐकायचा.

शनिवारी मात्र हुकूम त्याचे चालायचे. हंगामातले शेवटचे पाहुणे गेले त्या सकाळी विंका अंजिराखाली कॉफी पीत बसली होती. आतून दोघांचे आवाज येत होते.

"झालं असेल आता, काढ ते कागद," पेरिना म्हणत होती.

"नाही झालं. झाकण लाव."

"मी नुसती बघतेय रे."

"बघून लवकर होत नाही. जा, चादरी वाळत घाल. मी सांगतो तेव्हा ये."

पेरिना ओल्या चादरींची टोपली घेऊन बाहेर आली आणि विंकासमोर ठेवली. "घाल गं तू तरी," ती म्हणाली. "तुझा नवरा मला आत थांबू देत नाही."

विंकानं कप खाली ठेवला, एक चादर उचलली, झटकली आणि दोन्ही हात वर करून दोरीवर टाकली.